समोरच्या भिंतीवरचा उजेड

चमकणाऱ्या वस्तूवर नीलम्माचा विश्वास नव्हता. तिचं सगळं आयुष्य मिरचीच्या पोत्यांत गेलं होतं. मिरची लालभडक दिसली, वर तकाकी दिसली, की ती समजायची, हिला तेलाचा हात लागलाय. मग वरच्या मिरचीकडं न बघता ती कोपरापर्यंत हात पोत्यात खुपसायची, तळातली एक मिरची काढायची आणि कानापाशी नेऊन मोडायची. कट् करून मोडली तर वाळलेली, नुसती वाकली तर पाणी मारलेली. डोळ्याला फसवणं सोपं, कानाला अवघड, असं तिचं मत. राजारामपुरीतलं मिरचीचं दुकान नवऱ्याच्या मागं तिनं ह्या संशयाच्या जोरावरच चालवलं होतं.

खाली दुकान, वर दोन खोल्या, त्याच्या वर गच्ची आणि गच्चीला लागून एक छोटी खोली, एवढं घर. मुलगा सोमशेखर गडहिंग्लजला अडत दुकान सांभाळायचा. त्याची थोरली विद्याश्री दहावीनंतर सायन्स घ्यायचं म्हणून अज्जीकडं आली होती. आता ती बारावीला होती आणि फिजिक्स तिला जड जात होतं. रस्त्याच्या पलीकडंच जोतीरामसरांचा क्लास होता. तिथं जायचं असं तिनं जूनमध्येच म्हटलं होतं. नीलम्मानं दुकानात बसून आठवडाभर त्या क्लासचा जिना चढणारी पोरं बघितली, एकेका गाडीवर तिघं तिघं बसून येणारी, केस उभे करून हिंडणारी, आणि नाही म्हणून सांगितलं. सोमशेखरही आईच्या शब्दाबाहेर नव्हता. शेवटी त्यानंच तोड काढली. कॉम्प्युटर आणला, टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट घेतलं आणि गच्चीवरच्या खोलीत सगळं मांडून दिलं. आता शिकवणी घरबसल्या होणार, पोरीला कॉलेजशिवाय उंबरा ओलांडायला नको. नीलम्माला ते पटलं. पटल्यावर दोन-चार दिवसांतच खुपायला लागलं.

कारण पोरगी कानाला ते काळं यंत्र लावून बसायची आणि एकटीच हसायची.

नीलम्माचं गच्चीवर जाणं दिवसातून दोनदाच. सकाळी न्हाऊन, कपाळाला विभूती लावून ती गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची आणि पूजा करायची. पूजेचं पाणी खालच्या पितळी परातीत पडायचं. हे पाणी मोरीत ओतायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, झाडाच्या बुडाशीच घालायचं, ही सासूनं घालून दिलेली शिस्त. गडहिंग्लजच्या घरी परसात बेल होता. इथं खाली फरशी, वर सिमेंट. म्हणून ती परात गच्चीच्या रुंद कठड्यावर नेऊन ठेवायची आणि दिवस कलला की खाली आणून, नातीला सोबत घेऊन, गल्लीच्या टोकाच्या बेलाला पाणी घालून यायची. तेवढ्या वेळात चिमण्या-कावळे येऊन त्यातलं पाणी पिऊन जायचे. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. मधला सगळा वेळ ती दुकानात, आणि पोरगी वर एकटी.

एका दुपारी गुडघे धरत ती वर गेलीच. दार उघडं होतं. कॉम्प्युटरचा पडदा काळाकुट्ट, आणि त्यावर पिवळ्या, निळ्या, तांबड्या रेघा आपोआप उमटत होत्या. हात दिसत नव्हता, माणूस दिसत नव्हता. तिनं पोरीच्या कानावरचं यंत्र काढून स्वतःच्या कानाला लावलं. एक पुरुष इंग्रजीत बोलत होता. तरणा वाटत होता. बोलता बोलता थांबायचा, स्वतःशीच हसायचा, काढलेली रेघ पुसायचा आणि पुन्हा काढायचा.

"ह्यो कोण?"

"सर हायत, अज्जी. उजेड कसा वळतो ते शिकवायल्यात."

"तोंड का दावत न्हाय?"

सर कुठल्यातरी लांबच्या देशात असतात, ते असं शिकवून ठेवतात आणि जगभरातली पोरं बघतात, एवढं विद्याश्रीनं सांगितलं. फुकट शिकवतात, हेही सांगितलं, आणि तिथंच चूक केली. नीलम्माच्या धंद्यात फुकट माल देणारा एकच प्रकारचा माणूस असायचा.

तिनं अट घातली. कानाला काही लावायचं नाही. आवाज मोठा ठेवायचा, जिन्यातून खाली दुकानापर्यंत ऐकू आला पाहिजे.

तेव्हापासून दुपारच्या वेळी मिरची घ्यायला येणाऱ्या बायकांना वरून इंग्रजी ऐकू यायला लागलं. नीलम्माला त्यातला शब्द कळत नव्हता, पण ती आवाज तपासत होती, मिरची मोडून बघतात तसा. माणूस लाडीगोडी लावत असला की त्याचा सूर कसा खाली येतो, हे तिला ठाऊक होतं. ह्याचा सूर खाली येत नव्हता. एकच गोष्ट तो तीनतीनदा सांगायचा. मधेच आवाज अर्ध्या शब्दावर थांबायचा, तेव्हा पडद्यावर एक गोल फिरत राहायचा आणि पोरगी टेबलावर बोटं वाजवत बसायची. तरीही नीलम्माचं समाधान नव्हतं. आपली रेघ चुकली म्हणून हसणारा मास्तर तिनं कधी बघितला नव्हता. तिनं स्वतः अक्षरं गिरवली ती नातवंडं खेळवायच्या वयात, साक्षरतेच्या वर्गात. तिथली बाई चुकली तर फळ्यावर कंबर टेकवून चूक झाकायची. त्या वर्गाच्या दाराशी नीलम्माचा नवरा रोज येऊन उभा राहायचा, ह्या वयात हिला कुणाला पत्र लिहायचंय म्हणून.

थोड्या दिवसांनी घरातल्या वस्तू जागच्या हलायला लागल्या. नीलम्माच्या खोलीतला आरसा गच्चीवर गेला. देव्हाऱ्याशेजारची वाटी सापडेना. जत्रेतून धाकट्या भावासाठी घेतलेला, लाल ठिपका पाडणारा खेळण्यातला दिवा पोरीच्या टेबलावर दिसला. नीलम्मानं जाब विचारला, तेव्हा वीज गेलेली होती आणि कॉम्प्युटर बंद होता. विद्याश्रीनं अज्जीला खुर्चीवर बसवलं. वाटीत एक नाणं टाकलं आणि वाटी तिच्यापासून हळूहळू लांब सरकवली, काठाआड नाणं दिसेनासं होईपर्यंत.

"हलू नगं आता," म्हणाली आणि वाटीत तांब्यानं पाणी ओतलं. नाणं वर आलं. कुणी हात लावला नव्हता, तरी काठावरून लख्ख दिसायला लागलं.

नीलम्मानं पुढं वाकून वाटीत बोट घातलं. नाणं तळालाच होतं.

"म्हंजे डोळं खोटं बोलत्यात."

"डोळं न्हाय, अज्जी. उजेड पाण्यातनं भाईर येताना वळतो. डोळ्याला वाटतं, त्यो सरळच आला."

मग तिनं आरसा भिंतीला उभा केला, अज्जीला एका कोपऱ्यात बसवलं आणि आपण दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. भिंतीवर चेंडू तिरका मारला की पलीकडं तेवढाच तिरका जातो, उजेडाचंही तसंच, असं तिनं हातवारे करून सांगितलं. आरशात अज्जीला पोरीचा चेहरा दिसत होता. एवढं मात्र नीलम्माच्या लगेच कामाला आलं. दुसऱ्याच दिवशी तो आरसा गच्चीवरून खाली आला आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर असा तिरका टांगला गेला, की गल्ल्यावर बसल्या बसल्या तिला सगळा जिना दिसावा. कोण चढतं, कोण उतरतं, सगळं. सकाळी कॉलेजला जाताना विद्याश्री जिना उतरली, आरशात बघितलं आणि अज्जीला जीभ काढून दाखवली.

"मी तुला दिसलो तर तू बी मला दिसणारच की," असं म्हणत ती हसत निघून गेली. नीलम्माला राग आला, पण आरसा तिनं काढला नाही.

जानेवारीत झुंबरबाई आली. ती समोरच्या क्लासात झाडलोट करायची आणि पोरांना चहा आणून द्यायची. मिरची घ्यायला आली नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून ती जवळ सरकली.

"आक्का, रागवू नगा, पर सांगाय पायजे. तुमच्या गच्चीवरनं क्लासात उजेड येतोय. रोज, चहाच्या टायमाला. भितीवर नाचतोय नुसता."

"कसला उजेड?"

"आरशाचा असतोय तसला. पोरं बाकं बडवत्यात. सिग्नल आला म्हंत्यात."

पुढचं तिनं आणखी हळू सांगितलं. दिवाळीत क्लासवर नवा मजला चढला, तिथं बारावीची पोरं बसतात. मागच्या भिंतीशी ऋतुराज नावाचा एक देखणा पोरगा बसतो आणि उजेड नेमका त्याच्या डोक्यावर भिंतीला पडतो. पोरं त्याला तुझं पत्र आलं म्हणून चिडवतात. तो नाही नाही म्हणतो, पण हल्ली केस विंचरून यायला लागलाय.

इतक्या दिवसांतले सगळे तुकडे नीलम्माच्या डोक्यात एकदम जुळले. आरसा, लाल दिवा, एकटीचं हसणं, जीभ काढून दाखवणं. हे शिकवणीचं नाटक होतं तर. उंबरा न ओलांडता पोरगी रस्ता ओलांडत होती. झुंबरबाई गेल्यावर तिनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून वर बघितलं. क्लासच्या वरच्या खिडक्यांना अजून पडदे नव्हते. आत, भिंतीच्या वरच्या बाजूला, खरंच एक उजेडाचा तुकडा थरथरत होता. थांबत होता, पुन्हा थरथरत होता. तिच्या घरच्या गच्चीत त्या वेळी विद्याश्रीशिवाय कुणी नव्हतं.

ती वर गेली. आवाज तिनं चढवला नाही, तिचा राग नेहमी थंड असायचा. लाल दिवा कमरेला खोचला, टेबलावरची भिंगं, वाट्या, सगळं पदरात घेतलं. झुंबरबाईचं सांगणं अज्जीकडून ऐकल्यावर विद्याश्रीचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पांढरा.

"मी केलं न्हाय."

"मग कोण करतंय? भूत?"

"आरसा तर तुझ्याच दुकानात हाय, अज्जी."

"दुसरा आणला असशील."

विद्याश्री अज्जीच्या डोळ्यांत बघून बोलली. रडली नाही.

"जिथं उजेड पडतोय तिथं जाऊन उभी ऱ्हा. तिथं डोळा लाव आन् बघ. जो टाकतोय त्यो तिथनं दिसणारच. मला इचारू नगंस, त्येला इचार."

नीलम्माला ते उलट उत्तर वाटलं. तिनं भिंतीतली इंटरनेटची वायर ओढून काढली, कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि खाली येऊन गडहिंग्लजला फोन लावला. सोमशेखर म्हणाला, निपाणीचं स्थळ अजून थांबलंय, तंबाखूवाले, घर चांगलं आहे. परीक्षेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण आता कशाला थांबायचं? रविवारी जीप घेऊन येतो, पोरीला घेऊन जातो. नीलम्मा बरं म्हणाली. फोन ठेवताना तिला जिन्याच्या आरशात विद्याश्री दिसली. ती वरच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कॉलेजातून आल्यावर नीलम्मानं पोरीला गच्चीवर पाठवलं नाही, दुकानात आपल्यासमोर बसवून घेतलं, मिरचीच्या पोत्यावर. विद्याश्री मांडीवर पुस्तक घेऊन बसली. मधूनमधून शिंकत होती. येणाऱ्या बायकांना नीलम्मानं सांगितलं, पोरगी गावाला चाललीय, म्हणून बसलीय जवळ. नीलम्माला एका अंगानं हायसं वाटत होतं आणि दुसऱ्या अंगानं कुठंतरी टोचत होतं. चोरी पकडली गेली की चोर काहीतरी बडबडतो, गयावया करतो, शपथा घालतो. ही पोरगी काहीच करत नव्हती. नुसती वाचत होती, उद्या पेपर असल्यासारखी.

चहाची वेळ झाली आणि झुंबरबाई रस्ता ओलांडून आली. दारातच थबकली. पोत्यावर बसलेल्या पोरीकडं बघितलं, मग नीलम्माकडं.

"आत्ता गं बया," ती म्हणाली. "ही हितं हाय? मग वर कोण हाय? उजेड तर आलाय की आजबी."

विद्याश्रीनं पुस्तकातून मान वर केली नाही. तेच नीलम्माला झोंबलं.

पण इतक्यानं संशय सोडायची तिची जात नव्हती. पहिला विचार आला, ते कॉम्प्युटरचं यंत्रच आपोआप काहीतरी करत असणार, तो बिनतोंडाचा माणूस आतून करत असणार. ती झुंबरबाईला दुकानात बसवून वर गेली. खोलीत कॉम्प्युटर चादरीखाली गप्प होता, वायर तशीच लोंबत होती. गच्चीवर कुणी नव्हतं. उतरतं ऊन मागून येत होतं, कठड्यावर परात होती, काठावर एक कावळा बसला होता. तिच्या चाहुलीनं तो उडाला. ती जिथं उभी होती तिथून परातीतलं पाणी नुसतं करडं, मातकट दिसत होतं. तिनं शेजारच्या गच्च्या बघितल्या, टाकीमागं बघितलं. आरसा नाही, माणूस नाही. समोरच्या खिडकीत उजेड मात्र थरथरत होता, आणि पोरं बाकं बडवत असल्याचं इथंवर ऐकू येत होतं.

तेव्हा पोरीचं बोलणं तिला आठवलं. जिथं उजेड पडतोय तिथं जाऊन उभी राहा.

ती जिना उतरली. दुकानातून जाताना कुणाशी बोलली नाही. रस्ता ओलांडून क्लासचा जिना चढायला लागली, एकेका पायरीवर दम घेत. झुंबरबाई मागून धावत आली. वर वर्गात गोंगाट होता, तो ह्या लुगड्यातल्या म्हातारीला दारात बघून एकदम थांबला. जोतीरामसरांनी खडू खाली ठेवला. मिरचीवाल्या आज्जींना ते ओळखत होते. अवघडून म्हणाले, "या की. मीच येणार होतो तुमच्याकडं. पडदे शिवायला टाकल्यात, पण टेलर काय देईना."

नीलम्मानं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती भिंतीकडं बघत होती. मागच्या भिंतीवर, पोरांच्या डोक्यांच्या बरंच वर, परातीएवढा उजेडाचा गोळा पडला होता. उजेड खिडकीतून आत शिरून सगळ्यांच्या डोक्यावरून भिंतीवर जात होता, म्हणून बाकावर बसलेल्या कुणाच्याच डोळ्यांत तो गेला नव्हता. त्याच्या खाली एक गोरा पोरगा केस विंचरून बसला होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"तूच ऋतुराज व्हय?"

"व्हय, आज्जी. माझा काय संबंध न्हाय, आईशपथ."

"शपथ राहू दे. उठ, बाक मोकळं कर."

ती बाकावर चढायला लागली, तशी सर पुढं धावले, पडाल म्हणाले. तिनं ऋतुराजचा खांदा धरला, एक पाय बसायच्या फळीवर, दुसरा लिहायच्या फळीवर, आणि चढली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग भिंतीला पाठ लावून तिनं आपलं तोंड त्या उजेडात घातलं.

डोळे मिटले. उघडले, तर समोर नुसता जाळ. तिनं कपाळावर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पुन्हा बघितलं. खिडकी दिसली. खिडकीतून खाली रस्ता, रस्त्यापलीकडं आपलं घर, आपली गच्ची, आपला कठडा. आणि कठड्यावर, पितळेच्या काठात, एक अख्खा सूर्य. मघाशी तिथं उभं राहून बघितलं तेव्हा मातकट दिसलेलं तेच पाणी. ती बघत असतानाच कावळा परत आला, काठावर बसला, चोच बुडवली. सूर्याचे तुकडे तुकडे झाले, तिच्या तोंडावर, भिंतीवर, सगळीकडं नाचायला लागले.

खाली एक पोरगा सवयीनं ओरडला, "सिग्नल आला." आणि त्यालाच लाज वाटून गप्प झाला.

नीलम्मा तशीच उभी राहिली. वर्षानुवर्षं ती परात तिथंच होती. हा मजला नव्हता तोवर तो उजेड आभाळात जात असणार, कुणाला दिसायचं कारण नव्हतं. आता तिच्या मनात आलं, गुपचूप खाली उतरावं, काही दिसलं नाही म्हणावं, घरी जाऊन परात आत घ्यावी. उजेड बंद होईल, बोलणं बंद होईल. आणि लगेच तिच्या मुरलेल्या संशयानंच तिला अडवलं. उद्या पोरगी जीपमधून गावाला जाणार आणि उद्यापासूनच उजेड बंद होणार. मग ही झुंबरबाई काय म्हणेल? ही पोरं काय म्हणतील? ती स्वतः त्यांच्या जागी असती तर काय म्हणाली असती, हे तिला पक्कं माहीत होतं.

"माझी परात हाय ती," ती बाकावरूनच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "देवाच्या पाण्याची. मीच ठेवतोय रोज. माझ्या नातीचा काय संबंध न्हाय."

जोतीरामसर म्हणाले, असू दे आज्जी, मिटलं, उतरा आता. पण मिटलं ह्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. तोंडानं मिटलं म्हणून माल कोरडा होत नसतो.

"मिटलं न्हाय. माझ्या सांगण्यावर कुणी जाऊ नगा. एकेकानं हितं या, तोंड घाला आन् बघा. पयलं तू," ती ऋतुराजला म्हणाली. "आन् मग झुंबरबाई तू. तू तर येच."

आणि तिनं खरंच सगळ्यांना चढायला लावलं. ती खाली उतरून बाकाशेजारी उभी राहिली, हातातली मिरची तपासावी तसा एकेकाचा चेहरा तपासत. पोरं चढली, डोळे मिचकावले, उतरली. कुणी म्हणालं, "आयला, खरंच की." झुंबरबाई देवीचं नाव घेत चढली आणि उतरल्यावर तिनं नीलम्माच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी सरही चढले. ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. उतरून म्हणाले, पाणी हलतंय म्हणून उजेड नाचतोय, आणि आम्ही खिडकीकडं पाठ करून महिनाभर भिंतच बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, तिथं उभं राहून बघायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"माझ्या नातीनं," नीलम्मा म्हणाली. "तिला कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं."

दुकानात परत आली तेव्हा विद्याश्री पोत्यावर तशीच बसलेली होती. पलीकडचं सगळं तिला ऐकू गेलं होतं की नाही, कळेना. नीलम्मा तिच्यासमोर उभी राहिली. माफी कशी मागतात ते तिला येत नव्हतं. धंद्यात ती कधी लागली नव्हती. ती एवढंच म्हणाली, परात होती. विद्याश्रीनं मान हलवली आणि पुस्तकाचं पान उलटलं. त्या संध्याकाळी बेलाला पाणी घालायला नीलम्मा एकटीच गेली.

रविवारी सोमशेखर जीप घेऊन आला. विद्याश्रीनं पिशवी भरून जिन्याशी आणून ठेवली होती, आपण होऊन. नीलम्मानं मुलाला चहा दिला आणि झालेलं सगळं सांगितलं. सोमशेखर कपाळाला हात लावून बसला. निपाणीवाल्यांना बुधवारी बघायला या म्हणून सांगून बसलोय, म्हणाला.

"फोन लाव त्यास्नी," नीलम्मा म्हणाली. "म्हातारीचं डोळं फसलं म्हणून सांग."

"अव्वा, असं कसं सांगू? काय म्हंतील ती?"

"मग मी सांगतोय, लाव."

आणि निपाणीला तिनं स्वतः सांगितलं, परीक्षा होईस्तोवर नाही, आणि त्याच्या पुढचं पोरीला विचारल्याशिवाय नाही. सोमशेखर आईकडं अनोळखी बाईकडं बघावं तसा बघत होता. जिन्याच्या आरशात विद्याश्री पिशवीशेजारी उभी होती. ह्या वेळी नीलम्मानं आरशातूनच बघत बसायचं सोडलं. उठली, आरसा खिळ्यावरून काढला आणि तिच्या हातात दिला.

"वर लाव. तुझ्या कामाचा हाय त्यो."

मग कमरेचा लाल दिवा काढून दिला. कानाला लावायचं काळं यंत्र कपाटात ठेवलं होतं, ते पुसून दिलं.

"ह्ये बी लाव कानाला. दुकानात त्याचा आवाज लई यायलाय. गिऱ्हाईकाशी बोलू देत न्हाय."

विद्याश्रीनं सगळं घेतलं. पिशवी उचलली आणि वर निघाली. तीन-चार पायऱ्या चढून थांबली आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलली. "परात हलवू नगंस, अज्जी. दिवस मोठा व्हायलाय. सूर्य वर चढला की उजेड बी वर चढणार. परीक्षेच्या आधी त्यो खिडकीच्या भाईर जातोय बघ."

"कशावरनं?"

"जा आन् बघ की."

नीलम्मानं बघितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला ती क्लासात गेली आणि सरांकडून खडू मागून उजेडाच्या वरच्या कडेला भिंतीवर एक रेघ ओढली. दोन दिवसांनी पुन्हा गेली. उजेड रेघेच्या वर सरकला होता, बोटभर. तिला खात्री वाटेना, रेघ कुणीतरी पुसून खाली ओढली असेल. आता तिनं रेघेवर आपलं नाव लिहिलं. पुन्हा गेली, तर उजेड नावाच्याही वर. पोरं आता बाकं बडवत नव्हती, ती आली की ऋतुराज उठून बाक मोकळं करून द्यायचा आणि विचारायचा, आज किती चढला, आज्जी? वरच्या खोलीतून इंग्रजी ऐकू येत नव्हतं. पोरगी एकटीच हसल्याचा आवाज मात्र कधीमधी जिन्यातून खाली यायचा. तो ऐकून नीलम्माचा हात थांबायचा. त्या माणसानं तोंड दाखवायला हवं होतं, हे तिचं मत काही बदललं नव्हतं.

फेब्रुवारी सरत आला. उजेड छताच्या कडेला जाऊन पोचला होता. एका दुपारी पोतं नुकतंच उतरलेलं, नीलम्मा मिरची तपासत बसली होती. झुंबरबाई चहाची किटली घेऊन जाता जाता दारात थांबली.

"आक्का, आज येत न्हाय व्हय? टायम झाला की."

नीलम्मानं खांद्यापर्यंत हात पोत्यात घातला, तळातली एक मिरची काढली, कानापाशी नेली आणि मोडली. कट् वाजलं.

"न्हाय," ती म्हणाली. "पोरगी म्हणलीय, भाईर जातोय म्हणून. गेला असंल."